काडतुसांची काळजी

एका शनिवारी संध्याकाळी दवाखाना बंद करून एक दंतवैद्य बंदुकांच्या दुकानात काडतुसं घ्यायला गेले. यात वावगं काही नव्हतं. त्यांच्याकडे रायफल होती, रायफलीचा परवाना होता, आणि गावाबाहेरच्या टेकडीखाली चांदमारीचं सरकारमान्य मैदान होतं. तिथे जाऊन दर रविवारी सकाळी ते कागदी निशाणावर थोड्या गोळ्या झाडत. आठवडाभर लोकांच्या उघड्या तोंडात डोकावल्यावर माणसाला एखादी गोष्ट लांबून बघावीशी वाटते. दंतवैद्यांची तेवढीच हौस होती.

रायफल मूळची सासऱ्यांची. सासरे जंगलखात्यातून निवृत्त झालेले. अख्ख्या नोकरीत त्यांनी त्या रायफलीने एकही जनावर मारलं नव्हतं. एकदा एका अस्वलाने त्यांना दुपारभर झाडावर बसवून ठेवलं होतं, पण तेव्हा रायफल झाडाखाली होती. सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले आणि रायफलीचा परवाना त्यांनी जावयाच्या नावावर करून दिला. मुलगा रुसला. त्यावर ते म्हणाले, "तुझा हात चहाचा कप उचलताना हलतो. दात उपटणाऱ्याचा हात हलून चालत नाही."

रविवारी सासरेही मैदानावर जात. घडीच्या खुर्चीवर बसून दुर्बिणीतून निशाणाकडे बघत आणि प्रत्येक बारानंतर "डावीकडे गेली", "खाली गेली" असं सांगत. शेवटची गोळी त्यांची असे. ती ते स्वतः झाडत, आणि ती कुठे गेली हे विचारायची कुणालाही परवानगी नसे.

तर त्या शनिवारी दुकानदाराने कपाटातून काडतुसांचा खोका काढला आणि काउंटरवर ठेवला. एरवी तो आपटून ठेवायचा. आज अगदी अलगद ठेवला.

"घेऊन ठेवा," तो म्हणाला.

"घ्यायलाच आलोय."

"तसं नव्हे. ठेवायला घ्या."

"का?"

"बंद होणार म्हणतात."

"कोण म्हणतं?"

दुकानदाराने विचार केला. "म्हणत तसं कुणी नाही. पण विचारतात बरेच जण."

"काय विचारतात?"

"बंद होणार का म्हणून."

दंतवैद्यांनी खोका हातात घेतला. काडतूस जुन्या मापाचं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. हल्लीच्या रायफलींना बारीक काडतूस लागतं. जुन्या मापाचं आता एकच कारखाना काढत असे. पण ते मिळत होतं, आणि जी गोष्ट मिळते तिच्याबद्दल शहाणा माणूस विचार करत नाही. दंतवैद्यांनी तो त्या काउंटरपाशी प्रथमच केला.

"आणि खरंच बंद झालं तर रायफलीचं काय करायचं?"

"करायचं काय? काठीसारखी वापरायची," दुकानदार म्हणाला. "काठी जरा जड होईल, एवढंच."

घरी मेहुणा, म्हणजे सासऱ्यांचा तो रुसलेला मुलगा, आलेला होता. मेहुणा विमा विकत असे. त्यामुळे न घडलेल्या गोष्टींविषयी त्याला मनापासून आदर होता. हकिकत ऐकून त्याने चहा बाजूला ठेवला.

"भावोजी, एक सांगू? वस्तू संपते ना, तेव्हा ती संपत नाही. आपल्याला उशिरा कळतं, तेव्हा संपते."

"म्हणजे काय करू?"

"परवान्यावर वर्षाची जेवढी घेता येतात तेवढी उचला. सोमवारी उचला. मंगळवारी सगळ्यांना कळलेलं असेल."

"पण एवढी झाडणार कधी?" दंतवैद्यांच्या बायकोने विचारलं. ती एका सहकारी बँकेत लॉकर विभाग सांभाळत असे. लोक काय काय जपून ठेवतात हे ती रोज बघायची, आणि त्यामुळे तिला कशाचंच फारसं आश्चर्य वाटत नसे.

"ताई, झाडायला कोण सांगतंय?" मेहुणा म्हणाला. "हा साठा आहे."

सोमवारी दंतवैद्य दुकानात गेले तेव्हा रांग होती. मंगळवार सोमवारीच उजाडला होता. रांगेतला प्रत्येक जण 'सहज आलो होतो' असं पुढच्याला सांगत होता. दंतवैद्यांनी वर्षाचा कोटा उचलला आणि घरी येऊन तो लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवला. त्यासाठी आतले दागिने बाहेर काढावे लागले.

"अहो, मग हे कुठे ठेवू मी?" बायकोने विचारलं.

"ठेव कुठेही. ते काय, बाजारात मिळतात."

बायको स्वयंपाकघरात गेली. तिने दागिने डाळीच्या डब्यात ठेवले. लॉकर विभागातल्या बाईच्या घरी दागिने डाळीत होते आणि गोळ्या कुलपात, पण ही गोष्ट तिने बँकेत कुणाला सांगितली नाही.

रविवारी सकाळी सासरे टोपी घालून, खुर्ची बगलेत मारून दारात उभे राहिले.

"आज नको बाबा," दंतवैद्य म्हणाले. "जरा परिस्थिती बघू."

"परिस्थिती कुठे बघायची? ती टेकडीवरून चांगली दिसते."

"तसं नाही. काडतुसं जपायला हवीत."

"कशासाठी?"

"झाडायला."

"मग झाडू या की."

"आत्ता झाडली तर पुढे झाडायला उरणार नाहीत."

सासऱ्यांनी यावर विचार केला. जंगलखात्यात त्यांनी अशी उत्तरं पुष्कळ ऐकली होती आणि काही स्वतःही दिली होती. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. "बरं. मग पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी रायफलधारक मंडळाची तातडीची सभा होती, त्यामुळे जाणं झालं नाही.

मंडळाचे अध्यक्ष कर्नल या नावाने ओळखले जात. ते सैन्यात नव्हते. त्यांचा रंगाचा घाऊक व्यापार होता. पण मिशा अशा होत्या, की लोकांना दुसरं काही म्हणायचं धैर्य झालं नव्हतं. शाळेच्या एका वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून सगळे रायफलधारक बसले. सासरेही गेले होते, कारण त्यांना रविवारी घरी बसवेना.

"सभासदहो," कर्नल म्हणाले, "काडतूस बंद होणार आहे की नाही, हा प्रश्न नाही. प्रश्न असा आहे, की झालं तर आपण काय तोंड दाखवणार? म्हणून आजपासून काडतूस बचाव मोहीम. परिस्थिती स्पष्ट होईपर्यंत कोणीही एकही गोळी झाडणार नाही."

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. सासऱ्यांनी हात वर केला.

"गोळ्या झाडायच्या नाहीत, तर मंडळ काय करणार?"

"बचाव," कर्नल म्हणाले.

आणि मंडळाने तो खरोखर केला. पूर्वी महिन्यातून एकदा नेमबाजीची स्पर्धा होत असे. तिच्या जागी आता साठ्याची स्पर्धा सुरू झाली. काडतुसं कोणी कशी ठेवली आहेत, हे पाहायला परीक्षक घरोघर जात. कोणी प्रत्येक काडतूस वेगळ्या मऊ फडक्यात गुंडाळलं होतं. कोणी त्यांच्यासाठी खोली वातानुकूलित केली होती, आणि स्वतः गच्चीवर झोपत होता. पहिला क्रमांक दंतवैद्यांना मिळाला. दवाखान्यात कवळ्या ठेवायचे कप्प्याकप्प्यांचे डबे असतात, तसल्या डब्यात त्यांनी प्रत्येक काडतूस कापसावर निजवलं होतं. चषक कर्नलांच्या हस्ते मिळाला. वर्गात जमलेल्यांनी दंतवैद्यांचं अभिनंदन केलं. त्यांचा नेम कसा आहे, हे आता कुणाच्या लक्षात नव्हतं.

मैदानावर गवत वाढलं. रखवालदाराने काही आठवडे वाट पाहिली, मग निशाणांच्या पुढची जमीन खणून टोमॅटो लावले. माती चांगली होती. तिच्यात शिसं भरपूर होतं, पण ते टोमॅटोला माहीत नव्हतं.

सासरे दर रविवारी टोपी घालत. दर रविवारी दंतवैद्य त्यांना काहीतरी सांगत. एकदा बातमी यायची होती, एकदा बातमी आली होती पण तिचा खुलासा यायचा होता, एकदा नुसतंच मळभ होतं. पुढे पुढे सासरे टोपी घालून दारापर्यंत येईनासे झाले. आतल्या खोलीतच घालून बसायचे आणि जेवायच्या वेळी काढायचे. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता. दुर्बीण त्यांनी नातवंडांना खेळायला द्यावी, असं मेहुण्याने सुचवलं. त्यांनी ती उशाखाली ठेवली.

"बाबा हल्ली गप्प असतात," बायको एकदा म्हणाली.

"वय झालं," दंतवैद्य म्हणाले.

"वय आधीही झालं होतं. रविवारी ते बोलायचे."

दंतवैद्यांना हे टोचलं. पण त्याच संध्याकाळी कर्नलांचा निरोप आला, की कारखान्याचा माणूस येतोय, आणि ते टोचणं मागे पडलं.

कारखान्याचा विक्री प्रतिनिधी नीटनेटका, मवाळ गृहस्थ होता. शाळेच्या त्याच वर्गात फळ्यापुढे उभं राहून त्याने सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "कळवायला वाईट वाटतं, पण जुन्या मापाचं काडतूस आम्ही बंद करतोय."

वर्गात एक सुस्कारा उमटला. त्यात दुःख होतं, पण थोडं समाधानही होतं.

"कारण कळेल का?" कर्नलांनी विचारलं.

"मागणी नाही."

"मागणी नाही? आम्ही रांगा लावल्या होत्या."

"हो, लावल्या होत्या. आमच्या साहेबांना तेव्हा फार आनंद झाला. त्यांनी जादा पाळी सुरू केली, माणसं घेतली. त्यानंतर एक खोका खपला नाही. कुठेच नाही. साहेब म्हणाले, लोकांनी रायफली सोडलेल्या दिसतात."

"आम्ही सोडल्या नाहीत," दंतवैद्य उठून म्हणाले. "आम्ही जपतोय."

"असेल," प्रतिनिधी म्हणाला. "आमच्याकडे विकलं आणि नाही विकलं एवढंच कळतं. जपलं कळायची सोय नाही."

मागच्या बाकावरून सासऱ्यांचा आवाज आला. "एक विचारू? तुमचं ते आधीच बंद व्हायचं होतं का? म्हणजे या सगळ्याच्या आधी?"

"आधी?" प्रतिनिधीला प्रश्नाची गंमत वाटली. "छे हो. आम्ही तर काडतुसांना लागणारं पुढच्या बऱ्याच वर्षांचं पितळ भरून ठेवलं होतं. दर रविवारी झाडणारी गिऱ्हाईकं होती आमची, बांधलेली."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. बाकांवर कोरलेले बदाम आणि बाण ज्याने त्याने नव्याने निरखले. मग कर्नल उभे राहिले, त्यांनी मिशांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे सभासदहो, आपला अंदाज अचूक ठरला."

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या.

काडतूस अधिकृतपणे बंद झाल्यावर परवाना शाखेला जाग आली. शाखेने सगळ्या जुन्या रायफलींचे परवाने स्थगित केले आणि परवानाधारकांना समक्ष बोलावलं. दंतवैद्य दवाखान्याला सुट्टी देऊन गेले. समोर बसलेले साहेब तरुण होते आणि त्यांची अक्कलदाढ येत असावी. गाल धरून बोलत होते.

"तुमची रायफल निरुपयोगी झाली आहे."

"रायफल चांगली आहे, साहेब. काडतूस बंद झालंय."

"तेच. काडतूस नाही, म्हणजे उपयोग नाही. आणि परवाना हा उपयोगासाठी असतो. निरुपयोगी वस्तूला परवाना देता येत नाही."

दंतवैद्यांनी मान डोलावली. "मग नको परवाना. भिंतीवर टांगून ठेवतो."

"विनापरवाना शस्त्र बाळगणं हा गुन्हा आहे."

"पण आत्ताच तुम्ही म्हणालात, ती निरुपयोगी आहे."

"परवान्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे," साहेबांनी समजावलं. "गुन्ह्याच्या दृष्टीने चालू स्थितीत आहे."

दंतवैद्यांना पाणी प्यावंसं वाटलं. टेबलावर ग्लास होता, पण तो साहेबांचा होता.

"माझ्याकडे काडतुसं आहेत," ते म्हणाले. "वर्षाची आहेत."

"कोणत्या रायफलीची?"

"हिचीच."

"म्हणजे निरुपयोगी रायफलीची. मग ती कशाला ठेवलीत?"

"बंद होणार होती म्हणून."

साहेबांनी गालावरचा हात काढला. "बंद होणार, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. तसा अंदाज होता."

"तुमचा?"

"मंडळाचा," दंतवैद्य घाईने म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना मंडळाचं महत्त्व पटलं.

साहेब विचारात पडले. माणूस वाईट नव्हता. नियमातून वाट काढून द्यायची त्यांना खरोखर इच्छा होती. नियमच तसे होते, की वाट नियमात परत येत असे. "एक करता येईल. उपयोग सिद्ध करा. वर्षभरात झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या आणून दाखवा. मग म्हणता येईल, की रायफल वापरात आहे."

"झाडलीच नाहीत साहेब काडतुसं."

"का बरं?"

"उपयोगी पडावीत म्हणून," दंतवैद्य म्हणाले. वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर ते त्यांनाही नवीन वाटलं.

"मग आता झाडा."

"परवाना स्थगित आहे ना? गोळी झाडली तर—"

"ते खरं," साहेब म्हणाले. त्यांनी शेजारच्या खोलीत जाऊन वरिष्ठांशी बोलून घेतलं आणि बऱ्याच वेळाने परत आले. "साहेबांनी तोड काढली आहे. मंडळाच्या सगळ्यांसाठी मिळून एक दिवस चाचणीचा. मैदानावर आमचा माणूस हजर राहील. त्या दिवसापुरती स्थगिती उठेल. त्या सकाळी जेवढी काडतुसं झाडाल तेवढी उपयोगी धरू. जी उरतील ती जुना दारूगोळा म्हणून धोकादायक. जमा करावी लागतील."

"सगळी?"

"धोका थोडा थोडा ठेवता येत नाही."

निघताना दंतवैद्य दारात थांबले. "तुमची ती दाढ दाखवून घ्या कुणाला तरी. आतून सुजली आहे."

"दाखवायचीय," साहेब म्हणाले. "पण सध्या सुट्ट्या साठवतोय."

चाचणीच्या सकाळी मैदानावर जत्रेसारखी गर्दी झाली. सगळे सभासद डबे, खोके, फडकी घेऊन आले होते. रखवालदार टोमॅटोच्या वाफ्यापुढे हात पसरून उभा होता. निशाणं वाफ्याच्या पलीकडे होती, आणि फळ धरलेलं होतं. शेवटी असं ठरलं, की प्रत्येकाने जरा वरून झाडावं. शाखेचा माणूस म्हणाला, त्याची काही हरकत नाही. गोळी लागली की नाही हे चाचणीच्या कक्षेत येत नाही, फक्त वाजली पाहिजे.

दंतवैद्यांनी सासऱ्यांना सोबत आणलं होतं. टोपी, खुर्ची, दुर्बीण, सगळं होतं. गाडीत बसताना बायकोने वडिलांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि नवऱ्याला म्हणाली, "पहिली गोळी त्यांना द्या. शेवटची नको."

"त्यांची शेवटचीच असते."

"ऐका माझं."

पण मैदानावर इशारा झाला आणि सगळे तुटून पडले. ज्या काडतुसांना वर्षभर कापसावर निजवलं होतं, ती मुठीमुठीने उचलून भरली जाऊ लागली. निशाण कोणी पाहत नव्हतं. पाहायला वेळ नव्हता. दुपारपर्यंत साठा संपवायचा होता. कर्नलांची रायफल इतकी तापली, की त्यांच्या मिशीला धग लागली. वातानुकूलित खोलीवाला सभासद डोळे मिटून झाडत होता आणि प्रत्येक बाराला हळहळत होता. टेकडीवरचे पक्षी केव्हाच गेले होते. दंतवैद्यही झाडत सुटले. वर्षभर सवय नव्हती, खांदा ठणकू लागला, आणि सासऱ्यांचा "डावीकडे गेली" हा आवाज येत नाही हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं.

त्यांनी मागे पाहिलं. सासरे खुर्चीत बसले होते. दुर्बीण मांडीवर होती.

"बाबा, सांगा की कुठे जातात."

"दिसत नाही हो मला तेवढ्या लांबचं," सासरे म्हणाले. "धूर आहे का?"

धूर फारसा नव्हता.

दंतवैद्यांनी डब्यातलं एक काडतूस उचललं, सासऱ्यांना हाताला धरून पुढे आणलं आणि रायफल त्यांच्या हातात दिली. म्हाताऱ्याने सवयीने दस्ता खांद्याला लावला. नळी वर गेली, थरथरली आणि हळूहळू खाली आली. त्यांनी पुन्हा उचलली. पुन्हा खाली आली. त्यांनी रायफल जावयाकडे दिली, काडतूस तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने चोळून पाहिलं. ते लखलखीत होतं.

"याला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "छान राहिलंय."

दंतवैद्यांनी ते काडतूस रायफलीत भरलं. ते म्हणाले, "मी धरतो नळी. तुम्ही चाप ओढा." ते गुडघ्यावर बसले, रायफलीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी पेलली, आणि सासऱ्यांनी डोळे किलकिले करून, अंदाजाने, सावकाश चाप ओढला. गोळी टोमॅटोच्या वाफ्यात गेली. रखवालदार खाली बसला आणि डोक्याला हात लावून मोजदाद करू लागला.

"कुठे लागली?" सासऱ्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं.

"मधोमध," दंतवैद्य म्हणाले.

सासरे हसले. "डॉक्टर, 'अजिबात दुखणार नाही' असं ज्या आवाजात पेशंटला सांगता ना, तोच आवाज आहे हा."

ते परत खुर्चीत जाऊन बसले आणि रखवालदाराला हाक मारून त्यांनी टोमॅटोंची चौकशी केली. डब्यात अजून काडतुसं होती. दंतवैद्यांनी ती झाडली नाहीत. शाखेच्या माणसाने ती धोकादायक म्हणून ताब्यात घेतली, रिकाम्या पुंगळ्या पोत्यात भरून नेल्या आणि यथावकाश शाखेकडून निर्णय आला. उपयोग पुरेपूर सिद्ध झाला होता. सर्वांचे परवाने पुढील पाच वर्षांसाठी कायम करण्यात आले. मंडळातल्या एकाही माणसाजवळ आता एकही काडतूस नव्हतं, पण त्याबद्दल शाखेची काही तक्रार नव्हती. कर्नलांनी अभिनंदनाची सभा बोलावली, आणि नव्या मापाच्या रायफलींना लागणारं बारीक काडतूस तरी किती दिवस चालेल, यावर विचार करायला एक उपसमिती नेमली.

दंतवैद्य सभेला गेले नाहीत. त्या रविवारी ते सासऱ्यांना घेऊन मैदानावर गेले आणि दोघं खुर्च्या टाकून नुसते बसले. तसे ते आता दर रविवारी जातात. झाडायला काही नाही. सासरे अस्वलाची गोष्ट सांगतात, आणि येताना दोघं टोमॅटो घेऊन येतात.

ही सगळी हकिकत आम्ही परवा एका स्नेह्यांच्या घरी सांगितली. त्यांच्याकडे रायफल नाही, कधी नव्हती. त्यामुळे ते पोट धरधरून हसले. त्यांची बायकोही हसली. डोळे पुसत ते म्हणाले, "काय एकेक माणसं असतात. वर्षभर गोळ्या कापसात गुंडाळून ठेवल्या म्हणे. वेडे की हो." मग त्यांनी आम्हाला नव्या सोफ्यावर बसवलं. सोफा घेऊन दोन वर्षं झाली होती, आणि कारखान्यातून आलं तेव्हाचं प्लॅस्टिक त्यावर अजून होतं. आम्ही बसलो तसं ते करकरलं.

"जरा बेताने बसा," स्नेही म्हणाले. "ताण पडला की फाटतं ते."

"कधी काढणार हे?" आम्ही विचारलं.

"काढू की," ते म्हणाले. "कुणी पाहुणे येतील तेव्हा."

आम्ही चहा प्यालो आणि निघालो. आता तुम्ही ही गोष्ट कशावर बसून वाचताय, ते आम्ही विचारत नाही.